मोटरचा पॉवर सप्लाय बदलल्यावर टर्नटेबलचा वेग कसा तपासायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्नटेबलला नवा पॉवर सप्लाय बसवला की आठवडाभरात बहुतेकांचा एकच निरोप येतो : "आवाज मोकळा झालाय, पण वेग बरोबर आहे का हो?" त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल. '३३' म्हटलं की मिनिटाला ३३ १/३ फेरे असं समजायचं.

१. मोटर तीच, पुली तीच, बेल्ट तोच. मग नुसता सप्लाय बदलल्याने वेग का बदलेल?

बेल्टवर चालणाऱ्या बऱ्याच टर्नटेबलमध्ये एसी सिंक्रोनस मोटर असते. तिचा वेग व्होल्टेजवर नाही, विजेच्या वारंवारतेवर ठरतो. २४ ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला बरोबर २५० फेरे घेते. पुली आणि प्लॅटर (तबकडी ठेवायची फिरती थाळी) मिळून ते साडेसात पटीने कमी करतात, म्हणजे झाले ३३ १/३. जुन्या जोडणीत ही वारंवारता महावितरणच्या तारेतून यायची. नवा सप्लाय ती स्वतः तयार करतो : आत एक क्रिस्टल असतो, त्यावरून ३३ साठी ५० हर्ट्झ आणि ४५ साठी ६७.५ हर्ट्झ. पुली न बदलता बटण दाबून ४५ मिळतात ते यामुळेच.

आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये राखायची असते, म्हणजे आधी तुमचा वेग दिवसभरात इकडेतिकडे होत होता. आता तो एका जागी उभा राहतो. ती जागा बरोबर आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. काही कंपन्यांच्या पुली मुळातच किंचित मोठ्या असतात, शिवाय बऱ्याच सप्लायना वेग कमी-जास्त करायची सोय असते आणि तो डब्यातून निघताना कुठे लावलेला होता हे कुणी सांगत नाही.

२. माझी मोटर एसी की डीसी, हे उघडून न बघता कसं कळेल?

अॅडॅप्टरवरची 'आउटपुट' ही ओळ वाचा. लाटेची खूण असेल तर एसी, सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. पिन सारखीच असते, म्हणून घोटाळा होतो. काही जुन्या मॉडेलमध्ये अॅडॅप्टर १६ व्होल्ट एसीच देतो आणि ती एसी थेट मोटरला जाते. तिथे 'चांगला लिनिअर सप्लाय' म्हणून डीसी जोडला तर मोटर फिरत नाही, नुसती तापते. आणि नवा सप्लाय म्हणजे निव्वळ मोठा ट्रान्सफॉर्मर असेल, तर वारंवारता भिंतीतलीच राहते. वेगाच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. डीसी मोटरसाठी प्रश्न ११ बघा.

३. वेग तपासायची सर्वांत सोपी आणि खात्रीची पद्धत कोणती? काही विकत घ्यायचं नाहीये.

घड्याळ. मला तर अजून याच्याइतकी विश्वासाची दुसरी पद्धत सापडलेली नाही.

३३ ला बरोबर १०० फेऱ्यांना बरोबर ३ मिनिटं लागतात. लेबलवर कागदाचा छोटा तुकडा चिकटवा, प्लॅटरच्या शेजारी एक खूण ठरवा आणि मोजा. एका सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ घेतलात की ६००० ला त्या सेकंदांनी भागा. येईल तो वेग. १८० सेकंद आले तर ३३.३३, १७९ आले तर ३३.५२, १८१ आले तर ३३.१५. थोडक्यात, एक सेकंद इकडेतिकडे म्हणजे साधारण अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त चूक. ४५ ला तीन मिनिटांत १३५ फेरे झाले पाहिजेत.

इथे दर दुसरा माणूस एकच चूक करतो. कागद खुणेपाशी आला की घड्याळ सुरू करतो आणि तोंडाने 'एक' म्हणतो. तिथे 'शून्य' म्हणायचं असतं. 'एक' म्हटलंत तर प्रत्यक्षात ९९ फेरेच मोजले जातात आणि टर्नटेबल एक टक्का जोरात आहे असं वाटतं. मग माणूस ते हळू करत बसतो.

बोटाचा भरवसा नसेल तर फोन स्टँडवर लावून व्हिडिओ काढा आणि नंतर 'शून्य' आणि 'शंभर' या दोन क्षणांची वेळ एकेक चित्र पुढे सरकवत बघा. सेकंदाला ३० चित्रं धरली तरी चूक तीन मिनिटांत १/३० सेकंदाच्या आसपास राहते. घरी याहून बारीक मोजायची गरज कुणालाच नसते.

४. फोनवरचं अॅप ३३.३३ दाखवतंय. ते पुरेसं नाही का?

पहिल्या अंदाजाला पुरेसं आहे. अॅप फोनमधल्या जायरोस्कोपवरून फिरण्याचा वेग काढतं, आणि हा जायरोस्कोप गेम खेळताना फोन कसा वळला हे कळण्यासाठी बसवलेला असतो. टक्क्याच्या अंशाची हमी तो देत नाही. दोन फोन घेऊन एकाच टर्नटेबलवर ठेवून बघा, बहुतेक वेळा दोन आकडे येतात.

माझं सांगतो. नवा सप्लाय लावल्यावर मी अॅप बघत अर्धा तास बटणं दाबली आणि ३३.३३ आणून समाधानाने झोपलो. महिन्याभराने सहज घड्याळाने मोजलं तर १०० फेऱ्यांना १८१.४ सेकंद. म्हणजे पाऊण टक्क्याहून जास्त हळू. सप्लाय शहाणा होता, फोन नव्हता.

म्हणून एकदा घड्याळाने मोजा आणि त्याच वेळी अॅपचा आकडा लिहून ठेवा. खरा वेग ३३.३३ असताना तुमचा फोन ३३.५९ दाखवत असेल, तर तुमच्यासाठी ३३.५९ हाच बरोबर आकडा. पुढे तोच फोन रोजच्या तपासणीला चालतो. फोन शक्य तितका मध्यावर ठेवा, चुंबकाची रिंग असलेलं कव्हर काढा (कार्ट्रिजजवळ चुंबक नको) आणि टोनआर्म स्टँडवर अडकवून ठेवा.

५. स्ट्रोब डिस्क कशी वाचायची?

स्ट्रोब डिस्क म्हणजे रेघांची कडी छापलेली, प्लॅटरवर ठेवायची चकती. भारतातल्या मेन्सवर चालणारा निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतो. ३३ साठीच्या कड्यावर १८० रेघा असतात. वेग नेमका असेल तर दर उघडझापीला एक रेघ पुढच्या रेघेच्या जागी येते आणि सगळं कडं थांबल्यासारखं दिसतं. रेघा फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर वेग जास्त, उलट सरकल्या तर कमी.

बहुतेक जण इथेच थांबतात, पण सरकण्यावरून आकडाही काढता येतो. १०० हर्ट्झच्या उजेडात सेकंदाला एक रेघ सरकली तर चूक एक टक्का. दहा सेकंदांत तीन रेघा सरकल्या तर ०.३ टक्के. कड्यावर रेघा किती आहेत याचा या हिशेबाशी संबंध नाही.

आता मुद्दा असा, की हा निऑन दिवा ग्रिडवर चालतो आणि तुमचा सप्लाय आता ग्रिडवर अवलंबून नाही. संध्याकाळी ग्रिड ४९.९ वर असेल तर बरोबर फिरणारं प्लॅटरही ०.२ टक्के जोरात आहे असं दिसेल. पूर्वी दिवा आणि मोटर दोन्ही एकाच ग्रिडबरोबर खालीवर व्हायचे, त्यामुळे रेघा कायम शांत दिसायच्या. नवा सप्लाय लावल्यावर "रेघा सकाळी थांबतात, रात्री सरकतात" अशी तक्रार येते ती यातूनच. बिघाड काहीही नसतो. क्रिस्टलवर चालणारा बॅटरीचा स्ट्रोब दिवा घेतला की हा गोंधळ संपतो. मात्र दिवा १०० हर्ट्झचा की ३०० चा हे बघून त्याच्या जोडीचीच डिस्क वापरा.

६. घरातल्या एलईडी बल्बखाली रेघा दिसतच नाहीत, सगळं करडं दिसतं.

चांगल्या एलईडीचा ड्रायव्हर उजेड सपाट करतो, उघडझाप उरत नाही. बल्ब जितका चांगला तितका या कामाला वाईट. जुन्या स्विचबोर्डातल्या लाल निऑन इंडिकेटरवर काम भागतं, पण खोलीत अंधार करून डिस्क अगदी जवळ न्यावी लागते.

७. ३३ चं कडं थांबतं, पण ४५ चं काही केल्या थांबत नाही. सप्लाय खराब आहे का?

नाही, गणितच तसं आहे. १०० उघडझापींना ४५ साठी १३३.३३ रेघा लागतील. एक तृतीयांश रेघ छापता येत नाही, म्हणून १३३ छापतात. त्या थांबतात ४५.११ वर. तुमचा सप्लाय नेमके ४५.०० देत असेल तर रेघा दर चार सेकंदांना एक, अशा संथपणे मागे जाणारच. त्या थांबवायला वेग वाढवू नका. अमेरिकेत १२० उघडझापींना बरोबर १६० रेघा येतात, त्यांना हा त्रास नाही.

८. मोजताना सुई तबकडीवर टेकलेली हवी का?

हवी. सुईच्या घर्षणाने हलकं प्लॅटर किंचित मंदावतं, बेल्ट थोडा ताणतो. सिंक्रोनस मोटर स्वतः तिच्या वेगाला धरून राहते, पण मोटर आणि प्लॅटर यांच्यामध्ये रबर आहे. घड्याळाची पद्धत (प्रश्न ३) इथेही बरी पडते, कारण लेबलवरचा कागद टोनआर्मच्या आड येत नाही. फोन मात्र येतो.

आणि थंड टर्नटेबलवर मोजू नका. वीस-तीस मिनिटं फिरू द्या. बेअरिंगमधलं तेल डिसेंबरच्या सकाळी आणि मे महिन्याच्या दुपारी सारखं नसतं.

९. किती चूक चालते?

हाय-फायच्या जुन्या जर्मन मानकाने, डीआयएन ४५५००ने, अधिक १.५ ते उणे १ टक्का इतकी मोकळीक दिली होती. कानाच्या भाषेत सांगायचं तर एक टक्का म्हणजे सुमारे १७ सेंट. एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंत, म्हणजे पांढरी एकपासून काळी एकपर्यंत, १०० सेंट असतात. तबकडी ऐकताना शेजारी पेटी वाजवणार असाल तर १७ सेंट खटकतील. नुसतं ऐकणार असाल तर नाही.

०.२ टक्क्यांच्या आत आलात की बटणांना हात लावू नका. ०.०१ च्या मागे लागलेले लोक मी पाहिलेत. ते गाणी ऐकत नाहीत.

१०. सरासरी बरोबर आहे, पण पियानोचा लांब सूर हेलकावतो. नवा सप्लाय हे दुरुस्त करत नाही?

बहुतेक वेळा नाही. आधी हेलकाव्याची चाल बघा. दर १.८ सेकंदाला एक असा संथ हेलकावा असेल तर तो फेरीचा आहे : बहुधा तबकडीचं भोक मध्यावर नाही. सुई मध्यापासून १०० मिलिमीटरवर असताना भोक अर्ध्या मिलिमीटरने सरकलेलं असेल तर सूर अधिक-उणे अर्धा टक्का खालीवर होतो. टोनआर्म डावी-उजवीकडे डुलताना डोळ्यांना दिसतो. दुसरी तबकडी लावा. हेलकावा गेला तर टर्नटेबल निर्दोष.

सेकंदाला चारेक वेळा थरथर असेल तर पुलीकडे बघा. २५० फेऱ्यांची मोटर म्हणजे सेकंदाला ४.१७ फेरे, आणि वेगातल्या चढउताराला कान सर्वांत तिखट असतो तो नेमका ४ हर्ट्झच्या आसपास. पुली वाकडी बसलेली असणं किंवा तिच्यावर जुन्या बेल्टचा काळा थर असणं पुरेसं आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसायला पाच मिनिटं लागतात. सप्लायचे पैसे खर्च करण्याआधी हे करायला हवं होतं असं पुष्कळांना नंतर वाटतं.

चाचणी तबकडी वापरत असाल तर तिच्यावरचा सूर ३१५० हर्ट्झचा आहे की ३००० चा, हे कव्हरवर वाचून सूर मोजणाऱ्या अॅपमध्ये तेच निवडा. दोन्ही प्रचलित आहेत. आणि तिचंही भोक मध्यावर असेलच असं नाही.

११. माझी मोटर डीसी आहे. जास्त व्होल्टचा सप्लाय लावला तर वेग वाढेल?

मोटरआधी वेग राखणारं सर्किट असेल तर नाही. ते जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवेल आणि एक दिवस जळेल. सर्किट नसेल तर वाढेल, पण मग तो वेग मोटरच्या तापमानाबरोबर हलत राहील. लिहिलेलं व्होल्टेज तेच ठेवा. वेग सरकलेला असेल तर बऱ्याच स्वस्त टर्नटेबलच्या मोटरमध्ये दोन बारीक भोकं असतात, त्यांत ३३ आणि ४५ चे वेगवेगळे स्क्रू असतात. बारीक स्क्रूड्रायव्हर, अगदी केसभर फिरवायचा, मग मोजायचं. आधी ३३, मग ४५, मग पुन्हा ३३.

१२. सप्लायबरोबर बेल्टही नवा घातला आणि वेग वाढला. दोष कुणाचा?

बहुधा बेल्टचा. पुलीचा 'खरा' व्यास बेल्टच्या जाडीच्या मध्यापर्यंत मोजला जातो. समजा पुली २१ मिलिमीटरची आणि आतलं प्लॅटर १६० चं, बेल्ट ०.१ मिलिमीटरने जाड आला तर लहान पुलीवर तो फरक ठळक होतो, मोठ्या प्लॅटरवर जवळजवळ नाही. हिशेब केला तर वेग सुमारे ०.४ टक्के वाढतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर बदलाआधी १०० फेऱ्यांची वेळ लिहून ठेवा. 'आधी किती होता?' याचं उत्तर क्वचितच कुणाकडे असतं.

१३. मुलाने अमेरिकेहून टर्नटेबल आणलं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय, तरी गाणं रडकं वाजतं.

ट्रान्सफॉर्मरने २३० चे ११० व्होल्ट केले, ६० हर्ट्झ केले नाहीत. ६० हर्ट्झची पुली ५० वर फिरली की ३३ ऐवजी २७.८ फेरे मिळतात. सूर जवळपास तीन स्वर उतरतो : काळी एकमध्ये गाणारा माणूस खालच्या काळी पाचमध्ये गायला लागतो. उपाय दोन : ५० हर्ट्झची पुली, किंवा स्वतः ६० हर्ट्झ तयार करणारा सप्लाय. दुसऱ्या उपायात ४५ साठी ८१ हर्ट्झ लागतील, म्हणून घेताना विचारा. इथलं टर्नटेबल न्यू जर्सीला नेणाऱ्यांचं उलटं होतं, ४० फेरे.

एक सापळा : बरोबर आलेली अमेरिकन डिस्क आपल्या निऑनखाली वापरू नका. तिच्यावरच्या २१६ रेघा इथे २७.८ फेऱ्यांवर ऐटीत थांबतात. टर्नटेबल चुकीचं, डिस्क चुकीची आणि दोघांचं एकमत.

१४. माझ्याकडे क्वार्ट्झ लॉकचं डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्ट नाही, मोटरच थेट प्लॅटर फिरवते) आहे. बाहेरचा सप्लाय लावल्यावर वेग तपासू का?

टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ सारख्या यंत्रात वेग आतल्या क्वार्ट्झवर ठरतो. सप्लाय सुधारला तरी वेग तोच राहतो, राहायलाच हवा. प्लॅटरच्या कडेचे ठिपके उजळणारा दिवाही आतल्याच सर्किटवर चालतो, म्हणजे यंत्र स्वतःची साक्ष स्वतःच देतं. मन मानत नसेल तर प्रश्न ३ प्रमाणे एकदा मोजा आणि विसरा.

१५. जुनं गॅरार्ड किंवा लेन्को आहे. त्याला असा सप्लाय चालतो का?

चालतो, पण सप्लायची ताकद बघून. बेल्टवाली छोटी मोटर दोन-चार वॉटवर भागवते, या आयडलरवाल्यांना (मोटर रबरी चाकाने प्लॅटर फिरवते अशांना) कितीतरी जास्त लागते. शिवाय गॅरार्ड ३०१ आणि ४०१ ची मोटर इंडक्शन प्रकारची आहे. व्होल्टेज उतरलं तर तिचा वेगही थोडा उतरतो, म्हणून वारंवारता आणि व्होल्टेज दोन्ही एकदा ठरवून मगच बारीक वेगाचा नॉब लावा. लेन्को एल७५ मध्ये निमुळत्या दांड्यावर चाक सरकवून वेग हवा तिथे नेता येतो, त्यामुळे तिथे निव्वळ वेगासाठी सप्लाय घ्यायची गरजच नाही.

१६. नव्या सप्लायवर मोटर गुंगुं करते, उलटी फिरते किंवा सुरूच होत नाही.

बरेच सप्लाय मोटर सुरू झाल्यावर कंप कमी करायला व्होल्टेज उतरवतात. ते फार उतरलं तर जड प्लॅटर ओढताना मोटर लय सोडते. दुसरं कारण फेज : मोटरच्या दोन गुंडाळ्यांना वेगवेगळे सिग्नल देणारा सप्लाय असेल तर मोटरजवळचा जुना कपॅसिटर काढायचा असतो, एकच सिग्नल देणारा असेल तर ठेवायचा असतो. हे सप्लायच्या पुस्तिकेत असतं. आत मेन्सचं व्होल्टेज असू शकतं आणि कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भारलेला राहतो, तेव्हा सवय नसेल तर मेकॅनिककडे द्या.

१७. ७८ साठी नेमका आकडा कोणता, आणि जुन्या नाट्यपदांचा सूर तरीही जुळत नाही, असं का?

आकडे दोन आहेत. ६० हर्ट्झच्या देशांत ९२ रेघांच्या स्ट्रोबवरून ७८.२६, ५० हर्ट्झच्या देशांत ७७ रेघांवरून ७७.९२. दोन्हींत ०.४ टक्क्यांचा फरक, तो सोडून द्या. ३३ च्या पुलीवरून ७८ काढायला सप्लायला सुमारे ११७ हर्ट्झ द्यावे लागतात आणि प्रत्येक मोटर तेवढं झेपवत नाही. बोटावर मोजणं इथे अशक्य आहे, व्हिडिओच काढा.

सूर न जुळण्याचं कारण वेगळं. भारतात १९०२ पासून तबकड्या निघू लागल्या. सुरुवातीची पंचवीसेक वर्षं गायक भोंग्यासमोर गात आणि मेणाची तबकडी वजनावर चालणाऱ्या यंत्राने फिरे. तिचा वेग ७८ असेच असं नव्हतं. त्या काळची तबकडी नेमक्या ७८.०० वर वाजवली की ती बरोबर वाजतेच असं नाही. तिथे साथीची पेटी हाच खरा स्ट्रोब. पेटीचे सूर हातातल्या पेटीच्या एखाद्या पट्टीशी जुळेपर्यंत वेग हलवा, पण कुठल्या पट्टीशी हे ठरवताना आवाजाकडे कान द्या. अर्ध्या पट्टीने चढवलेला गायक लगेच घाईत असल्यासारखा वाटतो, ताना चिरकतात, तबल्याची शाई टणक वाजते. ठरलं की सप्लायवरचा आकडा पेन्सिलीने तबकडीच्या पाकिटावर लिहा. ३३ वर परतताना मात्र मूळ आकडा परत लावायला विसरू नका. मी दोनदा विसरलोय.